पोटाचं दुखणं पाठीवर कसं वाचावं: ऑस्टिओपॅथीतला नसांचा नकाशा

कुठल्या अवयवाच्या नसा कुठल्या मणक्याशी येतात याचा तक्ता पाठ करू नका, हे आधीच सांगते. "हृदय टी १ ते ५, फुप्फुसं टी २ ते ७, जठर टी ५ ते ९" (टी म्हणजे छातीमागचे मणके, वरून खाली मोजलेले) अशी घोकंपट्टी करणारी मुलं मी दर वर्षी बघते. कॉमलेक्सच्या, म्हणजे अमेरिकेतल्या ऑस्टिओपॅथिक डॉक्टरांच्या लायसन्सच्या, परीक्षेपुरतं ते डोक्यात राहतं. मग वॉर्डात खऱ्या पेशंटच्या पाठीखाली हात घातला की हाताला काय लागतंय आणि त्याचा तक्त्याशी संबंध काय, हेच सुचत नाही. हा लेख त्या मुलांसाठी आहे. आणि महाराष्ट्रातल्या त्या फिजिओथेरपिस्टांसाठीही, जे शनिवार-रविवारचं वर्कशॉप करून येतात आणि मला मेसेज टाकतात, "मॅडम, लिव्हरचा पॉइंट नक्की कुठला?"

मी मूळची सांगलीची. केमिस्ट्रीत बीएस्सी केलं, लग्न होऊन मिशिगनला आले आणि तिशी उलटल्यावर ऑस्टिओपॅथिक कॉलेजात शिरले. आता इंटर्नल मेडिसिन करते आणि आठवड्यातली एक दुपार विद्यार्थ्यांच्या लॅबमध्ये टेबलापाशी उभी असते. अमेरिकेत डी.ओ., म्हणजे ऑस्टिओपॅथिक डॉक्टर, हा एम.डी.इतकाच पूर्ण डॉक्टर असतो. औषधं लिहितो, शस्त्रक्रिया करतो, शिवाय हातानं तपासायचं आणि उपचार करायचं जादा शिक्षण घेतो. ब्रिटनमधला ऑस्टिओपॅथ वेगळा, त्याचं काम मुख्यतः हातांचंच. सासरी हे समजावून मी दमले. त्यांच्या लेखी मी अजून "अमेरिकेतली हाडवैद्य"च आहे. पण फरक महत्त्वाचा आहे, कारण पाठीवर काही सापडलं तर पुढचा ई.सी.जी. किंवा सोनोग्राफी मी स्वतः लिहू शकते. तुम्हाला ते शक्य नसेल, तर पेशंट कुणाकडे पाठवायचा हे हात लावायच्या आधी ठरलेलं हवं.

हे घडतं कसं

अवयवांकडून वेदनेचा निरोप आणणारे तंतू बहुतांशी सिंपथेटिक नसांच्या सोबतीनं प्रवास करतात (शाळेच्या पुस्तकातली अनुकंपी चेतासंस्था ती हीच) आणि मज्जारज्जूच्या ठरावीक पातळीला आत शिरतात. त्याच पातळीला पाठीची, बरगड्यांची, कातडीची संवेदनाही येते. दोन्हींचे तंतू मज्जारज्जूच्या मागच्या भागात एकाच पेशीवर येऊन टेकतात. मेंदूला कळतं की टी ६ ते ८ च्या आसपास काहीतरी बिनसलंय, पण निरोप पित्ताशयाचा की पाठीचा हे नीट कळत नाही. पूर्वी चाळीत एकाच घरी फोन असायचा आणि सगळ्यांनी पत्रिकेवर तोच पी.पी. नंबर छापलेला असायचा, तसा हा प्रकार. फोन पित्ताशयाचा, घंटा वाजते उजव्या खांद्याच्या फऱ्याखाली.

घंटेवर गोष्ट थांबत नाही. निरोपांचा मारा चालू राहिला की ती पातळी चेतवलेली राहते. तिथून बाहेर जाणाऱ्या नसा जवळचे स्नायू आवळून धरतात, कातडीच्या रक्तवाहिन्या आणि घामाच्या ग्रंथी बदलतात. म्हणून बोटाला त्या जागी काहीतरी वेगळं लागतं. हाच व्हिसरोसोमॅटिक रिफ्लेक्स, म्हणजे अवयवाकडून शरीराच्या भिंतीकडे. उलट दिशेचा सोमॅटोव्हिसरल. अकिओ सातो या जपानी शरीरक्रियाशास्त्रज्ञानं भूल दिलेल्या उंदरांवर तो मोजून दाखवला: पोटाची कातडी चिमटली की जठराची हालचाल मंदावते, आणि पंजा चिमटला की बऱ्याचदा वाढते. कुठे चिमटा काढला त्यावर उत्तर बदलतं, हे लक्षात ठेवा. "पाठ दाबली की पचन सुधारतं" असं सरसकट सांगणाऱ्याला हा उंदीर दाखवावा.

हे काही ऑस्टिओपॅथीचं घरगुती गुपित नाही. अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८७४ साली आपली पद्धत जाहीर केली आणि १८९२ मध्ये मिसुरीतल्या कर्क्सव्हिल गावात शाळा काढली. त्याच सुमारास, १८९३ साली, लंडनमध्ये हेन्री हेड हे न्यूरॉलॉजिस्ट अवयव आजारी पडला की कातडीचा कुठला पट्टा दुखरा होतो याचे नकाशे छापत होते. त्यांचा ऑस्टिओपॅथीशी काही संबंध नव्हता. आमच्याकडे लुईसा बर्न्स यांनी १९०७ च्या सुमारास प्राण्यांवर हे रिफ्लेक्स तपासायला घेतले. पुढे १९४० च्या दशकात कर्क्सव्हिललाच डेन्सलो आणि कोर यांनी मणक्यांवर मोजून दाब दिला आणि शेजारचा स्नायू किती दाबाला दचकतो ते विजेच्या नोंदींनी टिपलं. काही पातळ्या थोड्याशा दाबानंच पेटतात, हे त्यांना दिसलं. "फॅसिलिटेटेड सेगमेंट" हा शब्द तुम्ही वर्कशॉपमध्ये ऐकलाच असेल, तो या कामातून आला.

नकाशा पाठीवर काढा

कागदावर नको, कुणाच्या तरी पाठीवर काढा. नवरा, बहीण, रूममेट, जो उघडा बसायला तयार होईल तो. धुऊन जाणारं स्केचपेन घ्या. मान पुढे झुकवली की जे हाड ठसठशीत वर येतं ते बहुतेकांत मानेचं सातवं, सी ७. तिथून खाली छातीचे बारा मणके, म्हणजे टी, मग कमरेचे पाच, म्हणजे एल, आणि त्याखाली त्रिकास्थी, म्हणजे एस. स्कॅप्युलाची, म्हणजे खांद्याच्या फऱ्याची आडवी कड साधारण टी ३ ला, खालचं टोक टी ७ ला. कमरेवर हात ठेवून उभं राहिलं की जी हाडाची कड लागते, ती रेष एल ४ वर येते.

इथे एक फसवी गोष्ट आहे. पाठीच्या मध्यावर हाताला लागणारं टोक आणि त्याच मणक्याचं बाजूचं पंख यांची उंची सगळीकडे सारखी नसते. टी १ ते ३ मध्ये दोन्ही एका रेषेत. टी ४ ते ६ मध्ये टोक अर्धा मणका खाली घसरतं. टी ७ ते ९ मध्ये पूर्ण एक मणका खाली. मग टी १० नवव्यासारखा, टी ११ अर्ध्यावर आणि टी १२ पुन्हा सरळ रेषेत. म्हणजे बोट टी ८ च्या टोकावर असेल, तर शेजारी जे पंख लागतंय ते टी ९ चं. हे न समजता केलेला नकाशा सबंध एक घर सरकतो.

आता पातळ्या. सगळ्या सिंपथेटिक नसा टी १ ते एल २ एवढ्याच भागातून निघतात. मानेतून नाही, त्रिकास्थीतून नाही. त्यामुळे डोक्याला लागणारी सिंपथेटिक नसही खाली छातीत, टी १ ते ४ मधून निघून वर चढते. फुप्फुसाच्या टोकाशी गाठ झाली की त्याच बाजूची पापणी पडते आणि बाहुली बारीक होते, ते याचमुळे. एवढं एक उदाहरण कळलं की टी १ ते ४ घोकायची गरज उरत नाही.

छातीतली मंडळी सोपी आहेत. हृदय टी १ ते ५, फुप्फुसं टी २ ते ७. पोट मात्र गर्भापासून समजून घ्या. गर्भात आतडं म्हणजे एक सरळ नळी असते आणि तिचे तीन भाग तीन वेगळ्या धमन्यांवर जगतात. वरचा भाग, फोरगट: जठर, यकृत, पित्ताशय, प्लीहा, स्वादुपिंड आणि ग्रहणीचा काही भाग. त्याचं स्टेशन सिलियाक गँग्लियॉन (गँग्लियॉन म्हणजे नसांच्या पेशींचा पुंजका), पातळी टी ५ ते ९. मधला, मिडगट: लहान आतडं, अपेंडिक्स, चढतं मोठं आतडं आणि आडव्या आतड्याचे पहिले दोन तृतीयांश. त्याचं स्टेशन सुपीरियर मेसेंटेरिक, टी १० आणि ११. शेवटचा, हिंडगट: आडव्या आतड्याचा उरलेला तिसरा हिस्सा, उतरतं आतडं, गुदाशय. त्याचं स्टेशन इन्फीरियर मेसेंटेरिक, टी १२ ते एल २. धमनी, गँग्लियॉन आणि मणका हे तिन्ही एका माळेत बसतात.

मूत्रपिंड टी १० आणि ११ च्या आसपास. तिथंच बीजांडकोश आणि वृषण, आणि याचं नवल वाटायला नको. ते गर्भात मूत्रपिंडाशेजारीच तयार होतात आणि मग खाली उतरतात, जाताना आपल्या नसा ओढत नेतात. म्हणून मुतखड्याची कळ कमरेतून जांघेत आणि वृषणात उतरते. हृदय मानेपाशी तयार होऊन खाली येतं. श्वासपटलही तसंच, त्याची नस आजही सी ३ ते ५ मधूनच येते. पोटात श्वासपटलाखाली पू किंवा रक्त साठलं की खांद्याचं टोक दुखतं ते त्यामुळे. हे वाचताना कंटाळा येत असेल तर अपेंडिक्स आठवा. सुरुवातीची कळ बेंबीपाशी, कारण बेंबीच्या कातडीची पातळी टी १०. मग दाह पोटाच्या आतल्या अस्तराला भिडतो आणि दुखणं उजवीकडे खाली सरकतं. आजीला हे ठाऊक होतं, फक्त पातळीचा आकडा ठाऊक नव्हता.

पॅरासिंपथेटिकला, म्हणजे सिंपथेटिकच्या उलट शरीर शांत करणाऱ्या चेतासंस्थेला, तर दोनच पत्ते आहेत. (मेंदूतून निघणाऱ्या इतर तीन नसा डोळे, लाळ, अश्रू सांभाळतात, त्या सोडा.) एक व्हेगस, जी कवटीच्या तळातून निघते आणि छातीपासून आडव्या आतड्याच्या दोन तृतीयांशापर्यंत सगळ्यांना पुरते. दुसरा त्रिकास्थी, एस २ ते ४: उरलेलं आतडं, मूत्राशय, जननेंद्रियं. उजवी व्हेगस हृदयाच्या एस.ए. नोडवर (जिथे ठोका सुरू होतो) जास्त, डावी ए.व्ही. नोडवर (जिथून तो खालच्या कप्प्यांकडे जातो). व्हेगसची प्रतिक्रिया पाठीवर शोधू नका. ती कवटी आणि मान यांच्या सांध्यावर आणि सी २ पाशी शोधतात. हातापायांना पॅरासिंपथेटिक जातच नाही, परीक्षक यावर प्रश्न काढतातच.

गर्भाशय या दोन्ही पत्त्यांचं सुंदर उदाहरण आहे. बाळंतपणाच्या पहिल्या टप्प्यात, गर्भाशय आकुंचन पावत असताना, कळा टी १० ते एल १ मधून जातात. बाळ खाली सरकलं की दुखणं एस २ ते ४ मध्ये येतं. एपिड्यूरल देणारा डॉक्टर नेमका हाच हिशेब मनात धरून औषध किती वर पोहोचवायचं ते ठरवतो.

एका पुस्तकात हृदय टी १ ते ५ आणि दुसऱ्यात टी १ ते ६ लिहिलंय म्हणून भांडू नका. माणसांच्या नसा छापील ओळीत बसत नाहीत. परीक्षेत तुमच्या कॉलेजचा आकडा लिहा, पेशंटवर एक मणका वर-खाली धरून चला.

हात कसा चालवायचा

खोली ऊबदार हवी आणि हात त्याहून. पेशंटनं नुकतंच तेल किंवा बाम चोळलेलं नसावं. आपल्याकडच्या ज्येष्ठांच्या पाठीला झंडू बाम आधीच लागलेला असतो. तो लालसर कातडीचा पट्टा बघून विद्यार्थी हरखून जातात. आधी विचारा.

पेशंटला स्टुलावर बसवा किंवा पालथं झोपवा. हाताच्या मागच्या बाजूनं कणा आणि बरगड्यांच्या कोपऱ्यांमधल्या पट्टीवर सी ७ पासून एल ५ पर्यंत सावकाश उतरा. ऊब किंवा गारवा कुठे बदलतो ते बघा. मग दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं टेकवून, फक्त बोटांचं वजन देऊन, खाली ओढा. ओलसर जागी बोट अडखळतं, कोरड्या जागी घसरतं. पुन्हा एकदा, जरा जोरानं. मागे लाल रेष उमटेल. ती सगळीकडे सारख्या वेळात विरते का? जिथे जास्त वेळ रेंगाळते किंवा फारच लवकर पांढरी पडते, तिथे पेनाचा ठिपका ठेवा. अजून दाबायचं नाही. मुलांना थेट अंगठा खुपसायची घाई असते आणि त्यात वरच्या थराची सगळी माहिती पुसून जाते.

आता बोटांच्या पेरांनी खोलवर. ताजा त्रास असेल तर जागा गरम, ओलसर, फुगलेली, दुखरी. जुना असेल तर गार, कोरडी, दोरीसारखी ताठ. हे दोन्ही नुसत्या स्नायूच्या आखडण्यातही होतं, मग अवयवाची शंका कधी घ्यायची? मी चार गोष्टी बघते. बदल एकाच मणक्याला नसून लागोपाठच्या दोन-तीन मणक्यांना, त्याच बाजूला आहे. कातडी आणि तिच्याखालचा थर खोल स्नायूपेक्षा जास्त बदललेला आहे. मणका हलवून बघितला तर एका दिशेला ठक्कन अडत नाही, शेवटाला रबरी लागतो. आणि बाजू अवयवाशी जुळते: हृदय आणि जठर बहुधा डावीकडे, यकृत-पित्ताशय आणि अपेंडिक्स उजवीकडे, सिग्मॉइड (मोठ्या आतड्याचं गुदाशयाआधीचं वळण) डावीकडे. मिशिगन स्टेट विद्यापीठातले मायरन बील यांनी १९८५ साली या विषयावरच्या जुन्या-नव्या कामाचा आढावा घेतला. लागोपाठच्या मणक्यांचा मुद्दा माझ्या हातात तिथून रुजला.

वॉर्डातला पेशंट उठून बसू शकत नसेल तर त्याला उताणाच राहू द्या. हात पाठीखाली सरकवा, बोटांची पेरं कण्याच्या बाजूला वर करून छताच्या दिशेनं हलकेच उचला. जी जागा उचलताना दाद देत नाही, ती लक्षात ठेवा. छातीत दुखणाऱ्या माणसाला पालथं करण्यापेक्षा हे शंभरदा बरं.

मात्र छातीत दुखतंय आणि घाम सुटलाय, दम लागतोय, जबडा किंवा डावा हात भरून आलाय, तर पाठ तपासूच नका. ई.सी.जी. आधी. दोन फऱ्यांमध्ये अचानक काहीतरी फाटल्यासारखी कळ आली तर महाधमनीचा विचार, तोही तातडीच्या विभागात. लघवी अडली किंवा सुटली, मांड्यांमधली संवेदना गेली, तर मज्जारज्जूच्या शेपटाकडच्या नसांवर दाब असू शकतो, तिथे तास मोजावे लागतात. ताप, वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं असेल तर आधी तपासण्या. टी ३ ची डावी बाजू रबरी लागली नाही म्हणून हृदय ठीक आहे, असं कुणी म्हणालं तर त्याला लॅबबाहेर काढते मी. सापडलं तर प्रश्न विचारायला कारण मिळालं, एवढंच. न सापडलं तर काहीच सिद्ध झालं नाही.

हे प्रश्न कसे विचारायचे ते एका उदाहरणातून सांगते. उन्हाळ्यात लेकाकडे आलेल्या एक काकू माझ्याकडे आल्या. ओळखू येऊ नयेत एवढे तपशील बदललेत. "विमानात अवघडले बघा, उजव्या फऱ्याखाली धरलंय." टी ६ ते ८, उजवी बाजू, कातडी ओलसर, तीन मणके रबरी. मी बरगड्या सैल केल्या, काकू खूश. तीन दिवसांनी पुन्हा तीच पाठ, त्याच तीन मणक्यांना, जशीच्या तशी. हात फिरवला आणि माझ्या डोक्यात पाठीचा विचार संपून जेवणाचा सुरू झाला.

"काकू, दुखणं वाकल्यावर वाढतं का?"

"नाही गं, वाकून मी फरशी पण पुसते."

"आणि जेवल्यावर?"

काकू लेकाकडे बघून हळूच म्हणाल्या, "तळलेलं खाल्लं की रात्री."

सोनोग्राफीत पित्ताशयात खडे. लेकाची पहिली चिंता होती व्हिजिटर इन्शुरन्स हे "आधीपासूनचं दुखणं" म्हणून नाकारेल का, आणि ती खोटी नव्हती. परदेशी येणाऱ्या आईवडिलांची पॉलिसी घेताना ते कलम वाचा, एवढं जाता जाता.

यातली कामाची खूण कोणती? परत येणं. स्नायूचं दुखणं नीट सोडवलं तर बहुधा काही काळ तरी सुटलेलं राहतं. मागे अवयव निरोप पाठवत असेल तर दोन-तीन दिवसांत पाठ होती तशी होते. म्हणून दुसरी भेट लवकर ठेवा, महिन्याची तारीख देऊ नका.

चॅपमन पॉइंट

फ्रँक चॅपमन या डी.ओ.नं विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत शरीरावर ठरावीक जागी हाताला लागणाऱ्या बारीक गाठींची अवयववार यादी केली. गाठ दोन-तीन मिलिमीटरची, गुळगुळीत, घट्ट, कातडीखालच्या खोल पडद्यात किंवा हाडाच्या आवरणावर, आणि दाबली की टोचणारी. पुढच्या बाजूच्या गाठी मुख्यतः निदानाला, मागच्या उपचाराला, असं शिकवतात. हृदयाची पुढची जागा दुसऱ्या बरगडीखालच्या फटीत, छातीच्या मधल्या हाडालगत. पित्ताशयाची उजवी सहावी फट. स्वादुपिंडाची उजवी सातवी, प्लीहेची डावी सातवी. अपेंडिक्सची उजव्या बाराव्या बरगडीच्या टोकावर. मूत्रपिंडाची बेंबीच्या इंचभर वर आणि इंचभर बाजूला. मोठं आतडं मांडीच्या बाहेरच्या जाड पट्ट्यावर पसरलेलं: उजव्या मांडीवर वर आतड्याची सुरुवात आणि गुडघ्याकडे यकृताजवळचं वळण, डाव्या मांडीवर गुडघ्याकडे प्लीहेजवळचं वळण आणि वर सिग्मॉइड.

शोधायचं कसं? बोटाच्या टोकानं, जागा न सोडता, गोल फिरवत, आणि दर वेळी दुसरी बाजू ताडून. एकच बाजू दुखते का हे पाहा, कारण बरगड्यांच्या फटी दाबल्या तर कुणाचीही दुखते. माझं मत विचाराल तर परीक्षेसाठी हे शिका, अपेंडिक्स आणि आतड्याच्या जागा पेशंटवर बघा, आणि फक्त यावरून कधी निर्णय घेऊ नका. दोन तपासणारे एकाच गाठीवर एकमत होतील याचा भरवसा कमी. फेसबुकवर "या पॉइंटनं लिव्हर डिटॉक्स" म्हणून जी चित्रं फिरतात ती बघितली की मला लॅबमधले सगळे तक्ते कुलपात ठेवावेसे वाटतात.

उपचार, आणि त्याची मर्यादा

बरगड्या उचलणं, रिब रेझिंग, हे पहिलं शिका. पेशंट उताणा, तुम्ही बाजूला बसलेले. दोन्ही हात पाठीखाली, पेरं बरगड्यांच्या कोपऱ्यांच्या किंचित आत. मनगटं गादीवर टेकवून तरफ करा, पेरांनी बरगड्या वर आणि थोड्या आपल्याकडे ओढा. ऊती मऊ पडेपर्यंत धरा किंवा श्वासाच्या लयीत उचल-सोड करा. मग चार बोटं खाली सरका. पूर्ण बाजूला काही मिनिटं लागतात. बरगड्यांच्या डोक्यांच्या अगदी पुढे सिंपथेटिक साखळी असते. सुरुवातीला ती जरा चाळवते आणि मग शांत होते, असं शिकवलं जातं. बरगडी मोडलेली, मणक्याला फ्रॅक्चर, कण्याची ताजी शस्त्रक्रिया असेल तर करायचं नाही.

व्हेगससाठी कवटीच्या मागच्या कडेखाली बोटांची पेरं उभी करून डोकं त्यावर विसावू द्यायचं. ताकद नाही, डोक्याचं वजनच काम करतं. एस २ ते ४ साठी पालथ्या पेशंटच्या त्रिकास्थीवर तळहात ठेवून श्वासाबरोबर हलकं डोलवणं. शस्त्रक्रियेनंतर आतडं हलत नसेल तर टी १० ते एल २ च्या बाजूच्या स्नायूंवर उताण्या स्थितीतच सावकाश दाब. पोटावरून गँग्लियॉनांवर दाब देण्याचं तंत्रही शिकवतात, छातीच्या हाडाच्या टोकापासून बेंबीपर्यंतच्या मधल्या रेषेत. ताजी जखम असेल किंवा महाधमनी फुगल्याची शंका असेल तर तिथे बोट नको. ज्येष्ठ पुरुष, त्यात सिगारेट ओढणारा, तर मी आधी सोनोग्राफीचा रिपोर्ट मागते.

याचा उपयोग किती? न्यूमोनियाच्या ४०६ रुग्णांवर अमेरिकेत बऱ्याच केंद्रांत मिळून हाताच्या उपचारांची एक चाचणी झाली, ती २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. गटात नेमलेल्या सगळ्यांचा हिशेब केला तेव्हा लक्षणीय फरक दिसला नाही. ठरलेले उपचार ज्यांनी पूर्ण घेतले तेवढ्यांचा केला तेव्हा हाताचे उपचार मिळालेल्यांचा रुग्णालयातला मुक्काम कमी भरला. दोन्ही वाक्यं एकत्र सांगायची असतात. आमच्यातली काही मंडळी फक्त दुसरं सांगतात. मी न्यूमोनियात अँटिबायोटिक देते आणि बरगड्याही उचलते, कारण पेशंटला खोल श्वास घेणं सोपं जातं. बरगड्यांनी जंतू मरतात असं मला कुणी शिकवलेलं नाही.

नोंद लिहिताना "लिव्हर पॉइंट पॉझिटिव्ह" असं कधीही लिहू नका. वाचणाऱ्या डॉक्टरला त्यातून काही कळत नाही आणि तुमच्याबद्दल मात्र बरंच काही कळतं. हाताला जे लागलं तेच लिहा, बाजू आणि पातळीसकट, मग केलेला उपचार, मग किती दिवसांनी काय झालं. काकूंची चिठ्ठी तुम्ही फिजिओ म्हणून लिहिली असती, तर एवढी पुरली असती: "उजवीकडे टी ६ ते ८ ला कातडी ओलसर, शेवटाला रबरी अडथळा, दाबल्यावर दुखतं. रिब रेझिंगनंतर आराम, तीन दिवसांत पूर्ववत. दुखणं हालचालीनं बदलत नाही, तेलकट जेवणानंतर रात्री वाढतं. ताप, कावीळ नाही. पोटाची सोनोग्राफी करावी का, कृपया पाहावं."